वसुलीवाल्यांना दार कुठवर उघडं?

प्रश्न : आमचं गाव विट्याजवळ. धाकटी बहीण लग्न होऊन म्हैसूर जिल्ह्यातल्या टी. नरसीपूरला गेली. मेहुण्यांचं तिथे गलाईचं, म्हणजे सोनं-चांदी गाळण्याचं, छोटं दुकान आहे. बहिणीने शेजारणींच्या गटात मायक्रोफायनान्स कंपनीचं कर्ज काढलं आणि लागोपाठ तीन हप्ते थकले. आता वसुलीची माणसं सकाळी सातलाच येतात आणि पैसे मिळेपर्यंत ओट्यावर बसून राहतात. रात्री दहाला फोन येतात. 'दुकानातली भट्टी उचलून नेऊ', 'मंगळसूत्र काढून दे', 'तुला जेलमध्ये टाकू' अशी भाषा चालते. तिथल्या बायका म्हणतात की सरकारने कायदा केलाय, आता कर्ज फेडायची गरज नाही. खरं काय समजायचं?
– एक वाचक, ता. खानापूर, जि. सांगली

उत्तर : बायका म्हणतात ते अर्धं खरं आहे, आणि ते अर्धवट ऐकून बहिणीने उरलेले हप्ते बंद केले तर महागात पडेल. म्हणून आधी तेच पाहू.

२०२५च्या जानेवारीत म्हैसूर, चामराजनगर, रामनगर या जिल्ह्यांतून बातम्या येऊ लागल्या की वसुलीच्या धाकाने माणसं घराला कुलूप लावून रातोरात गाव सोडत आहेत. आत्महत्याही झाल्या. म्हैसूर हा मुख्यमंत्री सिद्धरामय्यांचा स्वतःचा जिल्हा, त्यामुळे सरकारला डोळेझाक करणं शक्यच नव्हतं. मंत्रिमंडळाने वटहुकूम तयार केला. राज्यपाल थावरचंद गेहलोत यांनी तो एकदा परत पाठवला. कर्ज फार तर तीन लाखांचं आणि दंड पाच लाखांचा, हे कुठलं प्रमाण, असा त्यांचा एक आक्षेप होता. शेवटी १२ फेब्रुवारीला त्यांची सही झाली. त्याच दिवशी टी. नरसीपूरला कावेरी-कपिलेच्या संगमावर तीन दिवसांच्या कुंभमेळ्याची सांगता होत होती. मार्चमध्ये विधिमंडळाने वटहुकुमाची जागा घेणारं विधेयक मंजूर केलं.

कायद्याचं नाव लांबलचक आहे, पण त्यातलं 'जबरदस्तीच्या कृतींना प्रतिबंध' एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे. कर्जदाराला किंवा घरच्यांना धमकावणं, अपमान करणं, सतत पाठलाग करणं, घरी वारंवार फेऱ्या मारणं, गुंड पार्श्वभूमीची माणसं पाठवणं, सरकारी योजनांची कागदपत्रं काढून घेणं, हे सगळं त्यात गुन्हा ठरतं. शिक्षा सहा महिन्यांपासून दहा वर्षांपर्यंत आणि दंड पाच लाखांपर्यंत. गुन्हा अजामीनपात्र आहे आणि पोलिसांना तक्रार घ्यायला नकार देता येत नाही.

'कर्ज फेडायची गरज नाही' हे वाक्य आलं कुठून? कायद्यात तशी तरतूद आहे, पण ती नोंदणी आणि परवाना नसलेल्या सावकाराने दुर्बल घटकांना दिलेल्या कर्जापुरती. अशा कर्जाची फेड झाली असंच धरलं जातं आणि दिवाणी कोर्ट त्याचा वसुली-दावा दाखल करून घेत नाही. रिझर्व्ह बँकेकडे नोंदलेल्या बँका आणि वित्त कंपन्या मात्र या नोंदणीतून वगळलेल्या आहेत. तुमच्या बहिणीने ज्या मोठ्या मायक्रोफायनान्स कंपनीकडून कर्ज घेतलं असेल, ती बहुधा याच दुसऱ्या गटात मोडते. तसं असेल तर कर्ज उभं आहे. मुद्दल आणि कागदावर लिहिलेलं व्याज द्यावंच लागेल.

राज्य सरकारने या कंपन्यांना हात का लावला नाही, असं वाटणं साहजिक आहे. हात आखडण्यामागे इतिहास आहे. ऑक्टोबर २०१०मध्ये आंध्र प्रदेशात नेमकी हीच परिस्थिती होती आणि तिथल्या सरकारने असाच वटहुकूम काढून थेट नोंदणीकृत कंपन्यांना वेसण घातली. वसुली कोसळली, कंपन्यांनी नवं कर्ज देणं थांबवलं आणि त्यातूनच पुढे रिझर्व्ह बँकेची मालेगाम समिती आणि मायक्रोफायनान्ससाठीचे वेगळे नियम आले. मग १० मे २०२२ला केरळ आणि गुजरातच्या सावकारी कायद्यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगून टाकलं की रिझर्व्ह बँकेच्या देखरेखीखालच्या वित्त कंपन्यांना राज्यांचे सावकारी कायदे लागू होत नाहीत. कर्नाटकाने कायदा लिहिला तो हा निकाल डोळ्यांसमोर ठेवून. माझ्या मते त्यामुळे कायद्याचा आवाज मोठा झाला, पण त्याचा फटका बसतो तो गल्लीतल्या बिनपरवाना व्याजवाल्याला. ज्यांच्या एजंटांमुळे गावं रिकामी झाली त्यांच्यापैकी बरेच दुसऱ्या मांडवाखाली आहेत.

म्हणून बहिणीला आधी कर्जाचं कार्ड बाहेर काढायला सांगा. त्यावर कंपनीचं पूर्ण नाव, व्याजदर, हप्ते, भरलेल्या रकमा आणि तक्रारीचा क्रमांक असायलाच हवा, आणि तोही कर्जदाराला समजेल अशा भाषेत. तिला कन्नड बोलता येत असेल पण वाचता येत नसेल, तर समजेल अशा भाषेतलं कार्ड मागण्याचा तिला हक्क आहे. कंपनी रिझर्व्ह बँकेकडे नोंदलेली आहे का, हे बँकेच्या संकेतस्थळावरच्या यादीत पाहता येतं. नाव त्यात नसेल तर प्रकरणच बदललं. मग वर सांगितलेला राज्याचा कायदा पूर्ण जोराने तिच्या बाजूने उभा राहतो.

आता कंपनी नोंदणीकृत आहे असं धरून चालू. रिझर्व्ह बँकेचे १४ मार्च २०२२चे मायक्रोफायनान्सविषयीचे निर्देश १ एप्रिल २०२२पासून लागू झाले आणि ते वाचले तर तुमच्या पत्रातली जवळजवळ प्रत्येक तक्रार त्यात सापडते. सकाळी नऊच्या आधी आणि संध्याकाळी सहानंतर फोन करायचा नाही. सारखेसारखे फोन करायचे नाहीत. शिवराळ किंवा धमकीची भाषा वापरायची नाही. नातेवाईक, मित्र, सोबत काम करणारे यांना छळायचं नाही. थकबाकीदाराचं नाव जाहीर करायचं नाही. कर्ज किती आहे आणि न फेडल्यास काय होईल याबद्दल दिशाभूल करायची नाही. म्हणजे 'जेलमध्ये टाकू' हे नुसतं उर्मट बोलणं नाही, तो नियमभंगच आहे.

एक गोष्ट कंपनीच्या बाजूचीही सांगायला हवी, नाहीतर बहीण भांडताना तोंडघशी पडेल. वसुली व्हायची ती कंपनी आणि कर्जदार दोघांनी ठरवलेल्या ठिकाणी, म्हणजे साधारणपणे गटाच्या केंद्रसभेत. पण कर्जदार लागोपाठ दोन किंवा अधिक वेळा तिथे आला नाही, तर कर्मचाऱ्याला घरी किंवा कामाच्या जागी येण्याची मुभा आहे. तुमच्या बहिणीचे तीन हप्ते थकले आहेत. केंद्रसभाही चुकल्या असतील, तर माणूस घरी येणं नियमात बसतं. सकाळी सातला येऊन ओट्यावर ठाण मांडणं बसत नाही. आलेल्या माणसाकडे ओळखपत्र आणि कंपनीचं अधिकारपत्र हवं. ते मागायला लाजू नये.

दंडाच्या हिशेबातही डोकं घाला. उशिराचा दंड फक्त थकलेल्या हप्त्यांच्या रकमेवर आकारता येतो, उरलेल्या सगळ्या कर्जावर नाही. मुदतीआधी कर्ज फेडलं तर त्याबद्दल दंड नाही. आणि कर्ज देतानाच विमा किंवा आणखी काही गळ्यात मारलं असेल, तर तसं बळजबरीने विकता येत नाही. माझ्याकडे येणाऱ्या पत्रांत लोक व्याजाबद्दल लिहितात, या कापून घेतलेल्या रकमेबद्दल क्वचितच. कार्डावर ती ओळ शोधा.

आता भट्टी, मंगळसूत्र आणि तुरुंग. यांची उत्तरं कुठल्या नव्या कायद्यात नाहीत. ती १९०८च्या दिवाणी प्रक्रिया संहितेत आहेत. हे जुनं पुस्तक गरिबांच्या कामी येतं, पण त्यांच्यापर्यंत कुणी पोहोचवत नाही. मायक्रोफायनान्सचं कर्ज मुळात विनातारण असतं. म्हणजे कंपनीला कसलीही वस्तू उचलायची झाली तर आधी दावा, मग हुकूमनामा, मग कोर्टाच्या बेलिफामार्फत जप्ती, एवढा रस्ता चालावा लागतो. आणि तो चालून आल्यावरही संहितेचं ६०वं कलम आडवं येतं. अंगावरचे कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण जप्त होत नाही. कारागिराची हत्यारं जप्त होत नाहीत, शेतकऱ्याची अवजारं आणि बैल जप्त होत नाहीत. धर्माच्या रूढीने जो दागिना बाई अंगावरून उतरवू शकत नाही तोही जप्त होत नाही. मंगळसूत्राला न्यायाधीश हात लावू शकत नाही, मग फील्ड ऑफिसर कोण? मेहुण्यांची भट्टी, चिमटे, मुशी या कारागिराच्या हत्यारांत येतात असं मी वकिलाला सांगेन.

तुरुंगाचं तर त्याहून सोपं आहे. त्याच संहितेचं ५६वं कलम सांगतं की पैशाच्या हुकूमनाम्यासाठी स्त्रीला अटक करता येत नाही किंवा तुरुंगात ठेवता येत नाही. पुरुषांच्या बाबतीतही नुसतं देता येत नाही एवढ्या कारणाने तुरुंग नाही, हे १९८०मध्ये बँक ऑफ कोचीनच्या एका खटल्यात न्या. कृष्ण अय्यर यांनी स्पष्ट केलं आहे. ऐपत असून बुडवणारा माणूस वेगळा. सही केलेला चेक दिला असेल आणि तो वटला नाही, तर तो मात्र फौजदारी मामला होतो. म्हणून बहिणीने कोरा चेक कुणालाही देऊ नये, दिला असल्यास त्याचा क्रमांक लिहून ठेवावा.

जायचं कुठे? धमक्या आणि घरात घुसणं यासाठी पोलीस, तेही राज्याचा नवा कायदा कंपनीला लागू आहे की नाही या वादात न शिरता. भारतीय न्याय संहितेत धमकीसाठी ३५१, खंडणीसाठी ३०८, वाट अडवण्यासाठी १२६ अशी कलमं सगळ्यांना सारखीच लागू आहेत. 'तो दिवाणी मामला आहे' असं ठाण्यात ऐकवलं जाईल. कर्ज दिवाणी, धमकी फौजदारी, हे वाक्य तिने पाठ करून जावं. जाताना फोनचं रेकॉर्डिंग, कॉल आल्याच्या वेळांचे फोटो आणि ओट्यावर बसलेल्यांचा व्हिडिओ सोबत असावा.

कंपनीविरुद्ध तक्रार आधी कंपनीकडेच लेखी करावी लागते. तीस दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे. तक्रार ऑनलाइन करता येते, १४४४८ या क्रमांकावर माहिती मिळते आणि फी नाही. ज्या घरात सकाळी सातला माणूस येऊन बसतो, त्या घराला तीस दिवस थांबायला सांगणं मला क्रूर वाटतं. आपल्याच माणसाविरुद्धची तक्रार आधी कंपनीने तपासायची, ही या व्यवस्थेतली सगळ्यात लंगडी बाजू आहे. पण लेखी तक्रारीची पोच हातात असली की पुढच्या सगळ्या दारांवर ती दाखवता येते. म्हैसूरच्या जिल्हा ग्राहक आयोगातही सेवेतल्या त्रुटीचा दावा करता येतो. पाच लाखांपर्यंतच्या मोबदल्याच्या दाव्याला तिथे फी पडत नाही. वकील परवडत नसेल तर १९८७च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याने कोणत्याही स्त्रीला, उत्पन्न न विचारता, मोफत वकील मिळतो. तालुका न्यायालयातल्या विधी सेवा समितीकडे अर्ज करावा किंवा १५१०० वर फोन करावा.

आणि केंद्रसभेला जाणं तिने थांबवू नये. जमेल तेवढी रक्कम भरावी, पावती घ्यावी, हप्ता लहान करून मुदत वाढवा असा अर्ज द्यावा. पण जुनं फेडायला दुसऱ्या कंपनीकडून नवं कर्ज घेऊ नये. हाच जानेवारीतल्या गावांचा खरा रोग होता. घराच्या मासिक उत्पन्नाच्या निम्म्याहून अधिक रक्कम सगळ्या कर्जांच्या हप्त्यात जाता कामा नये, असं रिझर्व्ह बँकेचं बंधन कर्ज देणाऱ्यावर आहे. एका बाईला पाच-पाच कंपन्यांनी कर्ज दिलं, तेव्हा हे बंधन कुणी मोजलं नाही.

प्रश्न : गटातल्या एकीने पैसे बुडवले तर बाकीच्यांना रात्री उशिरापर्यंत सभेत बसवून ठेवतात. ती जबाबदारी आमची आहे का?
– गटातल्या एक ताई, यवतमाळ

उत्तर : पैशाची जबाबदारी तुम्ही सही केलेल्या कागदावर अवलंबून आहे. संयुक्त जबाबदारीच्या गटात बहुतेक वेळा ती असते. पण सभेतून उठू न देणं हा अन्यायाने अडकवून ठेवण्याचा गुन्हा आहे, मग कागदावर काहीही लिहिलेलं असो. नोटाबंदीनंतर तुमच्याच विदर्भात बायकांनी या वसुलीविरुद्ध मोर्चे काढले होते, तेव्हाही हीच तक्रार होती. ही पद्धत इतकी चालते कारण शेजारणीसमोरची लाज वसुलीच्या माणसाहून स्वस्त पडते. कंपनीला पगार द्यावा लागत नाही.

प्रश्न : हे सगळं कर्नाटकात झालं. महाराष्ट्रात असा कायदा का नाही?
– निवृत्त शिक्षक, सातारा

उत्तर : गुरुजी, आपल्याकडे तर या विषयाचा मूळपुरुष आहे. एल्फिन्स्टनने १८१९च्या अहवालात पेशवाईतल्या तगाद्याचं वर्णन केलं आहे. सावकार बरोबरीच्या किंवा खालच्या ऋणकोला घरात कोंडत असे, जेवू देत नसे, उन्हात बसवत असे. ऋणको वरचढ असला तर धनको स्वतःच त्याच्या उंबऱ्यावर आडवा पडून त्याच्या अब्रूला हात घालत असे. ओट्यावर ठाण मांडणारा माणूस म्हणजे काही नवा शोध नाही.

इंग्रजांनी हे बंद करून कोर्ट आणलं आणि दुसराच घोळ झाला. अडाणी शेतकऱ्याचा अंगठा, त्यावर हवं ते लिहिलेला रोखा आणि ऋणको हजर नसताना मिळणारा एकतर्फी हुकूमनामा. डिसेंबर १८७४मध्ये शिरूर तालुक्यातल्या कर्ड्याला सावकाराने एका देशमुखाच्या घरावर हुकूमनामा बजावला, घर पाडायला लावलं आणि गावाने सावकारावर बहिष्कार टाकला. त्याची धग पसरत १२ मे १८७५ला सुप्याच्या बाजारात भडका उडाला. लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की दंगेखोरांना हवी होती ती सावकाराची कागदपत्रं. रोखे आणि वह्या मिळाल्या आणि जळाल्या की बहुतेक ठिकाणी दंगा तिथेच थांबत असे.

चौकशी आयोग बसला आणि १८७९चा दख्खन शेतकरी साहाय्य कायदा आला. तो आधी पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या चार जिल्ह्यांना लागू झाला. वरच्या पत्रलेखकांचा खानापूर तालुका तेव्हा साताऱ्यातच होता. न्यायाधीशाने रोख्यावरचा आकडा खरा न मानता मूळ व्यवहार खणून काढायचा, सावकाराने पावती आणि हिशेब द्यायचा, आणि पैशाच्या हुकूमनाम्यासाठी शेतकऱ्याला तुरुंगात टाकायचं नाही. आजच्या कर्ज-कार्डाची कल्पना तिथे सापडते.

आज आपल्याकडे २०१४चा महाराष्ट्र सावकारी नियमन कायदा आहे. कर्जदाराची छळवणूक त्यात गुन्हा आहे. परवान्याशिवाय सावकारी केल्यास पाच वर्षांपर्यंत कैद किंवा पन्नास हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. परवानाधारक सावकाराला शेतकऱ्याकडून तारणावर वर्षाला ९ टक्के आणि विनातारण १२ टक्के, इतरांकडून १५ आणि १८ टक्के, एवढंच व्याज घेता येतं. महिन्याला दहा टक्के घेणारा कोण, हे यावरून ओळखा. दामदुप्पटीचा जुना नियमही त्यात आहे. व्याज मुद्दलापेक्षा जास्त वसूल होत नाही. आणि सर्वांत धारदार कलम १८वं. अवैध सावकारीत गेल्या १५ वर्षांत बळकावलेली जमीन किंवा घर जिल्हा निबंधक परत मिळवून देऊ शकतो. सावकाराने खरेदीखत करून घेतलं असलं तरी. अर्ज जिल्हा उपनिबंधक, सहकारी संस्था यांच्या कार्यालयात करायचा. कर्नाटकाच्या कायद्यात धमकीवर भर आहे, आपल्या कायद्यात जमिनीवर. बँका आणि नोंदणीकृत वित्त कंपन्या मात्र दोन्हीकडे निसटतात, त्या रिझर्व्ह बँकेच्या ताब्यात.

प्रश्न : मोबाइल ॲपवरून आठ हजार घेतले. आता ते माझ्या फोनमधल्या सगळ्यांना माझा बदललेला अश्लील फोटो पाठवतायत. पैसे भरले तरी थांबत नाहीत.
– एक विद्यार्थी, पुणे

उत्तर : पैसे भरणं आधी थांबवा. हे कर्ज नाही, खंडणी आहे. ताबडतोब १९३० वर किंवा सायबर गुन्ह्यांच्या राष्ट्रीय पोर्टलवर तक्रार नोंदवा आणि स्क्रीनशॉट काढल्याशिवाय काहीही पुसू नका. रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार कर्ज देणाऱ्या ॲपला तुमची संपर्कयादी आणि फोटो उघडण्याची परवानगीच नाही. जे ॲप ती मागतं, ते बहुधा कुठे नोंदलेलंच नसतं. आणि घरच्यांना आजच सांगा. या धंद्याचं सगळं भांडवल तुमच्या गप्प बसण्यात आहे.

प्रश्न : सासरे वारले. त्यांचं खासगी कर्ज होतं, घेणेकरी म्हणतो मुलाने फेडायलाच हवं. मुलाला त्यांच्याकडून काहीही मिळालेलं नाही.
– एक गृहिणी, बेळगाव

उत्तर : मुलगा जामीनदार नसेल तर वारसाची जबाबदारी त्याच्या हाती आलेल्या मालमत्तेपुरतीच असते. काहीच आलं नसेल, तर स्वतःच्या पगारातून एक रुपयाही द्यावा लागत नाही. घेणेकऱ्याकडे कागद असेल तर त्याने दावा करावा, बोलाचाली करू नये. साधारणपणे शेवटची रक्कम किंवा लेखी कबुली दिल्यापासून तीन वर्षांत दावा झाला नसेल, तर तोही मुदतबाह्य होतो. म्हणून अशा माणसाला 'बघू, थोडे थोडे देतो' असं लिहून देऊ नका, व्हॉट्सॲपवरही नको.